सर्व्हर लोकप्रिय की सुरक्षित? कळीचा मुद्दा देखभालीचा

कुंभकोणम : रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देण्यात आली होती. बनावट संकेतस्थळांना यामुळे आळा बसेल. मात्र पत्ता अस्सल असला, तरी त्यामागील वेब सर्व्हर सुरक्षित आहे का, हा प्रश्न उरतोच.

या क्षेत्रात १९९५ मध्ये आलेल्या ‘अपाचे’चे दीर्घकाळ वर्चस्व होते. ‘नेटक्राफ्ट’च्या पाहणीत एप्रिल २०१९ मध्ये ‘एन्जिनएक्स’ने प्रथम स्थान पटकावले. तथापि, लोकप्रियतेवरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढता येत नाही.

जुलै २००१ मध्ये ‘अपाचे’चा वापर मायक्रोसॉफ्टच्या ‘आयआयएस’पेक्षा कितीतरी अधिक होता. तरीही ‘कोड रेड’ने ‘आयआयएस’लाच लक्ष्य केले आणि १४ तासांत साडेतीन लाखांहून अधिक संगणक बाधित केले. त्या त्रुटीवरील दुरुस्ती महिनाभर आधीच उपलब्ध होती. ती अनेकांनी बसवलीच नव्हती. उलट, ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘अपाचे’च्या एका नव्या आवृत्तीत गंभीर त्रुटी आढळली. पहिली दुरुस्ती अपुरी ठरल्याने काही दिवसांतच दुसरी द्यावी लागली. अद्ययावत राहणे ही एकदाच करण्याची गोष्ट नाही, हे त्यातून दिसले.

कुंभकोणमला या चर्चेत वेगळे महत्त्व आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेचे मुख्यालय येथे आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये या बँकेच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेद्वारे दुबई, तुर्कस्तान व चीनमधील खात्यांकडे सुमारे २० लाख डॉलर वळवण्याचा प्रयत्न झाला. दुबईकडे जाणारी रक्कम वेळीच रोखली गेली. हा वेब सर्व्हरवरील हल्ला नव्हता. परंतु तो उघडकीस आला तो व्यवहारांचा ताळमेळ तपासताना. नियमित पडताळणीला पर्याय नाही, हा धडा सर्व्हरलाही तितकाच लागू पडतो.

‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत देणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. ही तरतूद प्रामुख्याने घटनेनंतरची आहे. घटना टाळण्यासाठी मात्र दुरुस्ती उपलब्ध होणे आणि ती प्रत्यक्ष बसवणे यांतील कालावधी कमी करावा लागेल. ठेवीदाराच्या दृष्टीने सर्व्हरच्या नावापेक्षा तोच कालावधी निर्णायक आहे.