अकरा अक्षौहिणींचा हिशेब

वाद घालायला विषय लागतो, अशी एक भाबडी समजूत आहे. वास्तविक लागतात ते दोन पक्ष, अर्ध्या तासाची सवड आणि कपभर चहा. विषय काय, वाटेत कुठेही भेटतो. आमच्या लहानपणी कर्ण श्रेष्ठ की अर्जुन, या एका प्रश्नावर आम्ही सबंध मे महिना काढीत असू. ‘कवचकुंडले काढून घेतली नसती तर!’ हे कर्णपक्षाचे ब्रह्मास्त्र. ते सुटले की अर्जुनपक्ष विराटाच्या गोधनाकडे धाव घेई. निकाल कधी लागला नाही, आणि तो लागावा अशी कोणाची इच्छाही नव्हती.

आजच्या मुलांचे कर्ण-अर्जुन अंतराळात राहतात. एकीकडे ‘स्टार वॉर्स’मधले आकाशगंगेचे साम्राज्य, दुसरीकडे ‘स्टार ट्रेक’मधला ग्रहांचा संघ, म्हणजे फेडरेशन. पहिले जॉर्ज लुकास यांनी १९७७ साली पडद्यावर आणले. दुसरा जीन रॉडनबेरी यांच्या, १९६६ साली सुरू झालेल्या मालिकेतून अमेरिकन दूरचित्रवाणीवर अवतरला. दोन्ही कथाविश्वे वेगळी, मालकही वेगळे. एकाच्या सैन्याने दुसऱ्याचे तोंड पाहिलेले नाही. तरीही यांचे युद्ध जुंपले तर जिंकेल कोण, यावर जगभरचे रसिक कित्येक वर्षे हमरीतुमरीवर येत आहेत. आमच्या महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर हे युद्ध दोन विद्यार्थ्यांमध्ये पेटले, तेव्हा मी जवळच उभा होतो.

साम्राज्याच्या वकिलाने प्रथम वेगाचा मुद्दा काढला. ‘व्हॉयेजर’ या १९९५ साली सुरू झालेल्या मालिकेत फेडरेशनचे एक यान घरापासून ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकले जाते आणि परतायला त्याला ७५ वर्षे लागणार असतात. म्हणजे वेग प्रकाशाच्या नऊशे पटींहून थोडा अधिक. उलट ‘स्टार वॉर्स’मधली मंडळी एका ग्रहावरून दुसऱ्यावर निघतात तेव्हा वाटेत पटावरचा एक डावसुद्धा धड पुरा होत नाही. फेडरेशनची कुमक रणांगणावर पोचेपर्यंत तिथे विजयस्तंभाला शेवाळ धरलेले असेल! प्रतिपक्ष डगमगला नाही. फेडरेशनजवळ माणूस किंवा वस्तू क्षणात इकडून तिकडे पाठवणारे यंत्र आहे. शत्रूच्या जहाजात एक बाँब पाठवला की काम झाले. ‘पण संरक्षक कवच?’ ‘ते आधी पाडू.’ माझ्या तासाला संधी सोडवताना ज्यांना घाम फुटतो, त्यांचे हे पाठांतर ऐकून मी थक्क झालो.

मग साहजिकच विचारणा झाली : “सर, तुम्हांला काय वाटतं?”

मी मराठीचा माणूस. मला अक्षौहिणी आठवली. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. कौरवांच्या अशा अकरा, पांडवांच्या सात. नुसत्या बेरजेने निकाल लागायचा तर उद्योगपर्वातच ग्रंथ आटोपला असता. तिथेच दुर्योधन आणि अर्जुन दोघेही द्वारकेला जातात. नारायणी सेना दुर्योधनाच्या वाट्याला येते आणि तो खूश होतो. अर्जुन शस्त्र न धरणारा एकटा श्रीकृष्ण मागून घेतो. महाभारतकाराने आकडे इतके चोख दिले, ते आकड्यांत न मावणारी गोष्ट आपल्या डोळ्यांत भरावी म्हणूनच, असे मला वाटते.

अंतराळातही हीच तऱ्हा आहे. साम्राज्याचा तो चंद्राएवढा भासणारा ‘डेथ स्टार’ अवघ्या दोन मीटर रुंदीच्या एका झरोक्यामुळे नष्ट झाला. एवढी ढिलाई राहिलीच कशी, यावर रसिकांनी डोकेफोड केली; शेवटी २०१६ सालच्या ‘रोग वन’ चित्रपटात उलगडा झाला. बायकोला मारून जबरदस्तीने कामाला जुंपलेल्या एका शास्त्रज्ञाने तो कच्चा दुवा मुद्दाम ठेवला होता. साम्राज्याच्या मोजदादीत तोफा होत्या, त्या माणसाचे मन नव्हते. आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’मध्ये एक कर्तबगार सेनापती जिंकत जिंकत येतो आणि त्याचाच सम्राट त्याला परत बोलावून संपवतो, कारण बलाढ्य सम्राटाला बलाढ्य सेनापती खपत नाही. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ सालच्या कादंबरीत मंगळावरचे आक्रमक इंग्लंड पादाक्रांत करतात आणि पृथ्वीवरच्या रोगजंतूंनी मरतात.

“पण सर, हे लेखकाने मुद्दाम घडवलेलं आहे. लेखकाला बाजूला ठेवू आणि फक्त ताकद बघू.”

आमचे बिनसले ते नेमके इथे. लेखकाला बाजूला ठेवले तर उरते काय? पुठ्ठा आणि रंग! आपल्या साम्राज्यामागे व्हिएतनामचे युद्ध होते, अवाढव्य यंत्रबळाशी झुंजणारे चिमुकले लोक होते, हे लुकास यांनी स्वतः सांगितले आहे. फेडरेशन जन्मले ते शीतयुद्धाच्या ऐन भरात. तरीही त्याच्या यानाच्या सुकाणूपाशी जपानी वंशाचा अधिकारी होता, संदेश पाहायला आफ्रिकी स्त्री होती आणि १९६७ पासून रशियन तरुणही येऊन बसला. एक मूर्तिमंत भय आहे, दुसरी मूर्तिमंत आशा. यांच्या तोफा तराजूत घालायच्या म्हणजे काय करायचे?

आणि त्या दोघांच्या तक्त्यात एक ओळ होती, ती मला अजून बोचते : ‘मारक शक्ती : एका घावात एक ग्रह.’ तो ग्रह म्हणजे अल्डरान. तिथे माणसे राहत होती. चित्रपटाने हे विसरू दिलेले नाही. तो ग्रह फुटतो त्या क्षणी, जिथे पटावरचा तो डाव मांडला जातो त्याच यानात, एक म्हातारा एकाएकी हतबल होऊन खाली बसतो. त्या म्हाताऱ्याला दूरवरून जे जाणवले, ते तक्ता भरणाऱ्याच्या हाताला जाणवले नाही. मुले वाईट नाहीत, चांगली आहेत. पण मोजण्याचा नाद असाच असतो. आधी माणसे पुसतो, मग आकडा लिहितो. हे कल्पित ग्रहापुरते राहिले असते तर मी हा लेखही लिहिला नसता.

म्हणून मी त्यांना जो हाल्डमन यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’ची गोष्ट सांगितली. लेखक स्वतः व्हिएतनाममध्ये लढून जखमी झालेला. पुस्तक १९७४ चे. त्यात माणसे एका परक्या जमातीशी ११४३ वर्षे लढतात. प्रकाशवेगाच्या जवळपास प्रवास करणारा नायक थोड्याच वर्षांनी मोठा होऊन परततो, तो ओळखीचे जग केव्हाच संपलेले असते. शेवटी कळते की युद्धाला खरे कारणच नव्हते. दोघांना एकमेकांचे बोलणे समजत नव्हते, इतकेच.

“तेव्हा माझ्या मते,” मी म्हणालो, “ज्या पक्षाला आधी दुभाष्या सापडेल तो जिंकेल.”

दोघेही गप्प झाले. मला वाटले, बाण लागला. इतक्यात साम्राज्याच्या वकिलाने वही उघडली आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, “सर, दुभाष्याला किती गुण धरायचे?”