मुख्याध्यापक साहेब, ती फाईल उघडा

बी.एड. झालेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, कृतिसंशोधनाची फाईल त्याने केलेली असते. समस्या, उद्दिष्टे, उपाय, निष्कर्ष. निष्कर्ष ठरलेला: उपायामुळे विद्यार्थ्यांत सुधारणा झाली. आपल्याच समाजाच्या एका शाळेत मी दोन शिक्षकांच्या फायली पाहिल्या. मुलांचे गुणसुद्धा तेच, फक्त मुखपृष्ठावरचे नाव वेगळे. मुख्याध्यापकांना दाखवले तर ते हसले. म्हणाले, "भाई, हे कागद वाचतो कोण?"

मला राग आहे तो त्या हसण्याचा.

कृतिसंशोधन हा विचार मांडणारा कुर्ट लेविन जर्मनीतला ज्यू होता. हिटलर सत्तेवर आला आणि 1933 मध्ये त्याला देश सोडून अमेरिका गाठावी लागली. 1946 मधल्या त्याच्या प्रसिद्ध लेखाचा विषयच होता कृतिसंशोधन आणि अल्पसंख्याकांचे प्रश्न. आखा, करून पाहा, काय झाले ते तपासा, पुन्हा आखा, एवढेच त्याचे सांगणे. म्हणजे जे अवजार अल्पसंख्याकांच्या प्रश्नासाठी घडले, तेच आपण अल्पसंख्याक शाळांच्या कपाटात गंजत ठेवले आहे.

सहा ते चौदा वयाची आपली एक चतुर्थांश मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळली, असे सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितले. तेव्हापासून प्रत्येक जलशात हा आकडा ऐकतो. सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण तो साऱ्या देशाचा आकडा झाला. तुमच्या शाळेतून आठवीच्या किती मुली गेल्या, कोणत्या महिन्यापासून, हे तुमच्या हजेरीपटात आहे. त्यावर उत्तर काय, तर "पालकच जाहिल आहेत." हे निदान नव्हे, हात झटकणे आहे.

त्या मुलींच्या घरी जाऊन विचारा. कुणाला रस्त्याची भीती असेल, कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे असेल, कुणी सांगेल की शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. कडी बसवायला शासन निर्णय लागत नाही. ती बसवा, दोन महिने हजेरी मोजा. फरक पडला नाही तर तेही लिहा आणि दुसरा उपाय करा.

संस्थाचालक म्हणतात, अपयश लिहिले तर कौमची बदनामी होईल. शाळा सोडून घरी बसलेली मुलगी ही बदनामी नाही का? संविधानाच्या अनुच्छेद 30 ने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. बाहेरचा जाब कमी झाला, तर आतला वाढायला हवा होता. आपल्याकडे त्याला मुहासबा म्हणतात, स्वतःचा हिशेब स्वतः घेणे. कुरआनच्या पहिल्या आयतींत वाचण्याबरोबर कलमाचाही उल्लेख आहे, हे आपण भाषणात सांगतो आणि शाळेत विसरतो.

माझी मागणी एका पानाची आहे. पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी पाहुण्यांच्या सत्काराआधी उभे राहून ते पान वाचावे: यंदा काय अडले, काय करून पाहिले, काय फसले. ज्यांची मुले आहेत, ते ऐकायला समोरच बसलेले असतील.