आधी सातवी रात्र काढा, मग बोर्ड लावा



दुकान काढायच्या तयारीतली बरीच पोरं रात्री ‘सेव्हन डेज टू डाय’ खेळत बसतात. घरचे म्हणतात, टाइमपास. माझं मत वेगळं आहे. धंद्याचे पहिले महिने कसे काढायचे, हे हा झॉम्बींचा गेम चांगलं शिकवतो.

गेम २०१३ मध्ये आला. तुम्हाला जवळजवळ रिकाम्या हाताने सोडतात. दगड, लाकूड, गवत गोळा करून दगडी कुऱ्हाड बनवायची. आणि सातव्या रात्री दहा वाजता झॉम्बींची झुंड चालून येते, ती पहाटे चारपर्यंत. तारीख आधीच माहीत असते, तरी नवखा खेळाडू सहा दिवस भटकण्यात घालवतो. धंद्यात ही सातवी रात्र म्हणजे भाड्याची तारीख. तीही माहीतच असते!

१. फुकटचं आधी उचला. गेममधली सुरुवातीची सोपी कामं केली की स्किल पॉइंट मिळतात. तसंच उद्यम नोंदणी मोफत आहे, ऑनलाइन होते. त्यासाठी एजंटला पैसे कशाला?

२. आधी अंथरूण टाका. बेडरोल टाकलेला असेल, तर मेल्यावर तिथूनच पुन्हा उठता येतं. तुमचा बेडरोल म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, वेगळ्या खात्यात. दुकान कितीही अडलं तरी त्याला हात लावायचा नाही.

३. किल्ला नंतर बांधा. जाणता खेळाडू पहिल्या आठवड्यात एखादं पडकं पण मजबूत घर धरतो आणि तेच डागडुजी करून वापरतो. आपल्याकडे उलटं. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडाली, आणि पनवेलमध्ये ज्याला त्याला रोडटच गाळाच हवा. डिपॉझिट, फर्निचर, ग्लो-साइन बोर्ड, यातच भांडवल संपतं. मालाला उरतं काय? घरातून सुरू करा, नाहीतर ओळखीच्या दुकानात एक रॅक भाड्याने घ्या.

४. ओझं कमी ठेवा. बॅग जास्त भरली की खेळाडू हळू चालतो आणि सापडतो. होलसेलवाला म्हणेल, “दहा पेट्या घ्या, स्कीम आहे.” पंधरा दिवसांत खपेल तेवढाच माल उचला.

५. गाजावाजा बेताने. भट्टी सतत पेटती ठेवली की एक झॉम्बीण येते आणि किंकाळी मारून बाकीच्यांना बोलावते. ओपनिंगला मोठी जाहिरात केली, गर्दी झाली आणि माल पुरला नाही, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

एक फरक मात्र विसरू नका. गेममध्ये मेलात तर पुन्हा उठता. इथे आईचे दागिने गहाण ठेवून दुकान काढलं आणि बुडालं, तर फटका सगळ्या घराला बसतो. म्हणून धाडस जरूर करा, पण बेडरोल टाकल्यावरच.

आज एकच काम करा. वहीत लिहा: माझी सातवी रात्र कोणत्या तारखेला, आणि त्या दिवशी हातात किती रुपये असतील? आकडा लिहिता येत नसेल, तर गाळ्याचं टोकन देऊ नका.