डॉक्टरांच्या खिशातले छोटे पुस्तक



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. रबाळ्याला आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. त्यांचे यजमान एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीने कामाला जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांना मनाचा आजार झाला. रात्र-रात्र झोप नाही, तोंडाची टकळी थांबत नाही, हातात आलेला पगार दोन दिवसांत उडवून मोकळे. त्यानंतर महिनाभर अंथरुणातून उठायचे नाव नाही. सरकारी दवाखान्यात उपचार सुरू झाले, लिथियमची गोळी लागू पडली आणि माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला.

एका संध्याकाळी वहिनी तणतणत आल्या. म्हणाल्या, “ताई, आता त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही. शिकाऊ पोरगी बसवलीय तिथं. ह्यांचा हात थरथरतोय म्हणून सांगितलं, तर तिनं कोटाच्या खिशातून एवढंसं पुस्तक काढलं, चार पानं उलटली आणि म्हणते, गोळी आजपासून थांबवा, रक्त तपासा, उद्या सकाळी रिपोर्टाला या. ज्या गोळीनं माणूस उभा राहिला, ती गोळी ही पुस्तक बघून बंद करते! माझ्या माणसावर परीक्षेचा अभ्यास चाललाय का?”

मी विचारले, “आणखी काय विचारलं तिनं?”

“काहीबाही विचारत होती. पाठदुखीची गोळी घेतात का, जुलाब होतात का, भट्टीजवळ काम आहे का. पाठीचा आणि डोक्याच्या आजाराचा काय संबंध?”

वहिनींना कोणीतरी एका देवऋषीचा पत्ता दिला होता. रिपोर्टाऐवजी तिकडे जायचा त्यांचा विचार होता. मी त्यांना म्हटले, उद्या मी सोबत येते. आधी रिपोर्ट बघू, मग काय ते ठरवू.

दुसऱ्या दिवशी गेलो. रक्तात लिथियम दीडच्या वर गेले होते. ते साधारण ०.६ ते १.० या मापात असावे लागते. दीडच्या पुढे गेले की औषधाचेच विष होऊ लागते. यजमानांना लगेच दाखल करून घेतले, सलाईन लावले. तीन दिवसांनी थरथर गेली. पुढे रक्त पुन्हा तपासून कमी मात्रेत गोळी सुरू केली. देवऋषीकडे दोन-चार दिवस गेले असते तर काय झाले असते, हे वहिनींना डॉक्टरांनीच समजावून सांगितले.

मग त्या मुलीने आम्हाला तेच पुस्तक उघडून दाखवले. लिथियमच्या पानावर लिहिले होते की आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक अशा दुखण्यावरच्या गोळ्यांनी हे औषध रक्तात साचते. घाम फार गेला, जुलाब-उलट्या झाल्या, अंगातले पाणी-मीठ कमी झाले तरी साचते. यजमान महिनाभर मेडिकलमधून पाठदुखीची गोळी आणून खात होते आणि ऐन मे महिन्यात भट्टीजवळ उभे होते. पाठीचा संबंध होता तो असा.

ती म्हणाली, “काकू, मनाच्या आजारावर शंभराच्या वर औषधं आहेत. प्रत्येकाची मात्रा वेगळी, कशाबरोबर काय चालत नाही ते वेगळं. सगळं डोक्यात आहे असं समजून लिहायला लागले, तर एक दिवस चूक होईल. म्हणून मी बघून लिहिते.”

हा अनुभव पुष्कळ घरांना येत असेल, म्हणून या पुस्तकांविषयी थोडे सांगते.

एमबीबीएस झाल्यावर मानसोपचाराचे एमडी करायला आणखी तीन वर्षे लागतात. ती वर्षे निवासी डॉक्टर म्हणून रुग्णालयात काढायची असतात. म्हणजे आपण ज्यांना ‘शिकाऊ’ म्हणतो ते पुरते डॉक्टरच असतात. त्यांच्यावर वरचे डॉक्टर देखरेख ठेवतात. ओपीडीत गर्दी एवढी की जाडजूड ग्रंथ उघडायला वेळ नसतो. म्हणून कोटाच्या खिशात मावतील अशी पुस्तके निघाली. आपल्याकडे नीरज आहुजा यांचे मानसोपचारावरचे छोटे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती हमखास दिसते. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयाने औषधांविषयी आपल्याच डॉक्टरांसाठी एक पुस्तिका काढली होती. १९९४ पासून तिच्या आवृत्त्या निघत गेल्या आणि आज जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ तिचा आधार घेतात. आता बरीच पुस्तके मोबाईलवर आली आहेत. तेव्हा डॉक्टर मध्येच मोबाईल बघू लागले म्हणजे खेळत बसले असे लगेच समजू नका. काय बघता म्हणून विचारायला मात्र हरकत नाही.

आजार ओळखण्याचीही पुस्तके असतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपली यादी १९५२ साली काढली. तिला डीएसएम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची यादी वेगळी. तिची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू झाली. या याद्यांतही चुका होत्या. समलिंगी असणे हा आजार आहे असे डीएसएममध्ये छापलेले होते. १९७३ मध्ये ते काढायचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने ते १९९० मध्ये वगळले. छापले म्हणून ते खरेच असे होत नाही. चूक कळल्यावर जे पुस्तक दुरुस्त होते, तेच भरवशाचे. म्हणून डॉक्टरांकडचे पुस्तक नव्या आवृत्तीचे असावे लागते.

आता आपल्या घरांच्या कामाची गोष्ट. स्मरणशक्ती तपासायची ३० गुणांची एक चाचणी आहे. फोल्स्टीन नावाच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ती तयार केली. आज तारीख कोणती, शंभरातून सात वजा करत चला, एक वाक्य लिहून दाखवा, असे त्यात विचारतात. आमच्या आजीला आयुष्यात शाळेचे तोंड बघायला मिळाले नाही. तिने वजाबाकी आणि लिहिणे कसे करायचे? तिचे गुण कमी येतील ते शाळा न मिळाल्यामुळे, पण कागदावर दिसेल स्मृतिभ्रंश. ही अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतील निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार झाली, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसाला तपासायला न्याल, तर ते शाळेत गेलेले नाहीत हे आधीच सांगा. त्यात लाज कसली? सांगितले नाही तर निदान चुकते.

कामावर जातीवरून टोमणे खावे लागतात, ठेकेदाराने तीन महिने पैसे दिले नाहीत, मुलाला मित्राच्या घरी पाणी वेगळ्या भांड्यात दिले, हे कोणत्याही खिशातल्या पुस्तकात आपोआप येत नाही. २०१३ च्या डीएसएममध्ये १६ प्रश्नांची एक मुलाखत घातली आहे. तुम्ही तुमच्या त्रासाला काय म्हणता, तुमच्या मते तो कशामुळे झाला, असे त्यात रुग्णालाच विचारायचे असते. पण गर्दीच्या ओपीडीत ते विचारले जाईलच असे नाही. कोणी विचारले नाही तर आपण होऊन सांगा.

आपल्या देशात लाख माणसांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. म्हणून साध्या डॉक्टरांसाठी, आरोग्यसेविकांसाठीही पुस्तके निघाली. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेचे डॉ. विक्रम पटेल यांनी मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणासाठी एक मार्गदर्शक लिहिले. ते २००३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. थोडे शिकवले तर गावातली साधी माणसेही उदासीच्या आजारात रुग्णाला नीट मदत करू शकतात, हे त्या संस्थेने गोव्यात काम करून दाखवले.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की उपचार देताना जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. माणूस कोणत्या समाजाचा आहे, गरीब आहे की श्रीमंत, यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडे कार्ड नसले तरी सरकारी ठिकाणी हा उपचार त्याला मोफत मिळाला पाहिजे. रुग्णाला साखळीने बांधणे याच कायद्याने बंद केले आहे. आपल्याला जवळचे मोठे ठिकाण म्हणजे १९०१ साली सुरू झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय. रबाळ्याहून लोकलने ठाणे काही लांब नाही. घरबसल्या बोलायचे असेल तर २०२२ मध्ये सुरू झालेला सरकारचा ‘टेली मानस’ हा मोफत दूरध्वनी आहे. त्याचा क्रमांक १४४१६.

शेवटी चार गोष्टी लक्षात ठेवा. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून मनाने आणलेली, गावाकडच्या वैद्याने दिलेली, सगळी न्या. मनाच्या आजाराची गोळी चालू असताना अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका. पण लिथियम घेणाऱ्याचा हात जोरात थरथरू लागला, तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली, उलट्या-जुलाब लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लिथियम चालू आहे हे पहिल्यांदा सांगा.

वहिनींनी आता एक चाळीस पानी वही केली आहे. कोणती गोळी, किती वाजता, रक्त कधी तपासले, झोप किती तास झाली, सगळे त्यात लिहितात. स्वतः चौथीपर्यंत शिकल्या आहेत, अडले तर मुलगी लिहून देते. मागच्या खेपेला त्या डॉक्टर मुलीने आपले पुस्तक उघडायच्या आधी वहिनींची वही मागून घेतली.