गुरुजींच्या हातात काय उरलं?

बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पहिलीत येणारं मूल घरी कोरकू, भिलाली, क्वचित निहालीही बोलतं. निहाली तर कोणत्याच ज्ञात भाषाकुळात न बसणारी भाषा. ती बोलणारी माणसं जेमतेम दोन-अडीच हजार. अशा मुलाला मराठी अक्षरापर्यंत कसं न्यायचं, हे परिपत्रकात सापडत नाही. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकालाच ते रोज शोधावं लागतं, आणि शोधायला मोकळीक लागते.

ती मोकळीक जिल्हा परिषदेच्या शिक्षकाकडे किती उरली आहे? शिक्षक दोन आणि वर्ग चार-पाच. त्यात मोबाइलवर एकामागून एक निरोप: लिंक भरा, फोटो टाका, माहिती आजच द्या. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सरकारनं अशैक्षणिक कामांची वर्गवारीही केली. चांगलंच झालं. तरी ओझ्यापेक्षा मोठं दुखणं मला वेगळं दिसतं.

अमेरिकेतले अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी ते 1979 मध्येच दाखवलं होतं. काम भरपूर आणि ते कसं करायचं हे ठरवण्याचा अधिकार मात्र नाही, अशा जागी माणूस सगळ्यात जास्त खचतो. लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास 1985 पासून चालला. त्यातही ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला.

आपल्याकडे याची उलटी बाजूही पाहायला मिळाली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी मूल शिकतं कसं यावर शिक्षकांना सोबत घेऊन काम केलं. वरून फर्मान नव्हतं. शिक्षक करून बघत होते, चुकलं तर बदलत होते. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. मग 22 जून 2015 च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि गावोगावच्या शाळांच्या फरशा कुमठ्यासारख्या आकृत्यांनी रंगल्या. काही ठिकाणी त्यामागचा विचारही पोहोचला. बऱ्याच ठिकाणी मात्र साहेबांच्या भेटीआधी रंग वाळला पाहिजे, एवढंच उरलं. एका शिक्षकाला सुचलेली गोष्ट दुसऱ्यावर लादली की तिच्यातला जीव जातो, हे मला फार लागतं.

2025 मध्ये तर पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचं वेळापत्रकही साऱ्या राज्याला एकच आलं, 25 एप्रिलपर्यंतचं. त्या दिवसांत खामगाव, मलकापूर, शेगावात ऊन कसं असतं हे तिथल्या शिक्षकाला विचारायची गरज कुणाला वाटली नाही. विदर्भातून विरोध झाला, तो रास्तच होता.

म्हणून बुलडाणा जिल्हा परिषदेकडे माझी थेट मागणी आहे. माहिती मागायची ती महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी मागा. शाळांच्या केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेचे विषय शिक्षकांना ठरवू द्या. तिथं सूचना वाचून दाखवण्यापेक्षा कुणाच्या वर्गात काय जमलं आणि काय फसलं, ते बोललं जाऊ द्या. आणि सातपुड्याच्या शाळांना वेळापत्रक, पाठांचा क्रम, मुलांच्या बोलीतलं वाचनसाहित्य हे सगळं एक पूर्ण वर्ष स्वतः ठरवू द्या. त्या वर्षात तपासणीला जाणाऱ्या अधिकाऱ्यानं रजिस्टर मागण्याआधी मुलांशी बोलावं.