आधी चार्जिंग, मग गाड्या

जुन्नर पाहायला येणाऱ्यांना स्वतः चालवता येतील अशा छोट्या विजेच्या गाड्या भाड्याने मिळायलाच हव्यात. जुलै 2025 मध्ये शिवनेरी किल्ला जागतिक वारसा यादीत गेल्यावर मोठ्या वाहनांचा भार जुन्या पेठांच्या अरुंद गल्ल्यांवर टाकणे परवडणारे नाही.

प्रश्न चार्जिंगचा आहे. लेण्याद्री शहरापासून जवळ. ती फेरी सहज होते. नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख पाहायचा, तर रस्ता लांबचा आणि चढउताराचा. चढावर बॅटरी झपाट्याने उतरते. वाटेत सोय नसेल, तर पर्यटक पुन्हा डिझेलच्या गाडीकडेच वळेल.

शिवनेरीचा पायथा, लेण्याद्रीचे वाहनतळ आणि नाणेघाटाजवळचे घाटघर येथे चार्जिंग केंद्रे उभारल्याशिवाय प्रशासनाने अशा गाड्यांना परवाने देऊ नयेत. अन्यथा जुन्नरला 2018 मध्ये मिळालेला पर्यटन तालुक्याचा दर्जा कागदावरच राहील.