रूपकाची सायकल आणि लोखंडाची सायकल

ठाण्याला 2010 साली 84वे आणि डोंबिवलीला 2017 साली 90वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चे. तेव्हा या पट्ट्यात वाचणाऱ्यांची, लिहिणाऱ्यांची आणि वाचण्यालिहिण्यावर बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. मात्र स्वतःच्या सायकलीचे पंक्चर स्वतः काढणारा मराठीचा प्राध्यापक आमच्या ओळखीत शोधू गेल्यास एका हाताची बोटेही जास्त होतात. ही गोष्ट क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठीच हा प्रपंच.

आपल्या समीक्षेची परिभाषा पाहा. घाट, पोत, वीण, बांधणी, घडण. घाट भांड्याचा, पोत कापडाचा, वीण बाजेची. हे सगळे शब्द आपण हाताने काम करणाऱ्यांकडून उसने घेतले आणि उसनवारी इतकी जुनी झाली की सावकार कोण होता हेही आता कुणाला आठवत नाही. गंमत अशी की ज्या समीक्षेने हे शब्द घेतले, तिनेच 'कारागिरी' या शब्दाची शिवी केली. एखादा कवितासंग्रह पाडायचा असेल तर 'ही निव्वळ कारागिरी आहे' एवढे म्हटले की पुरते. ज्याने कधी चाकाचा आउट काढलेला नाही, त्यानेच 'निव्वळ' हे विशेषण इतक्या सहज वापरावे, हे ओघानेच आले.

सायकलीविषयी आपल्याला प्रेम आहेच. पण ते रूपकातल्या सायकलीविषयी. दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' (1948) आपण चर्चासत्रांत शिकवतो, प्रकाश कुंटे यांचा 'सायकल' (2018) आवडीने पाहतो. दोन्हींत सायकल चोरीला जाते. चोरीला गेलेली सायकल आपल्या फार सोयीची असते, कारण तिची साखळी साफ करावी लागत नाही.

रॉबर्ट पर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (1974) या पुस्तकाचेही आपण हेच केले. शीर्षकातील 'झेन' वाचायचे आणि 'मेंटेनन्स' ओलांडून पुढे जायचे. त्या पुस्तकात जॉन नावाचा एक सुसंस्कृत मित्र आहे. त्याच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होते. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत बसवावी, असे निवेदक सुचवतो. इलाज अचूक आहे, पण जॉनला तो अपमान वाटतो. मराठी विभागांत हे पुस्तक वाचणारे आपण सारे स्वतःला निवेदकाच्या जागी कल्पितो. आमच्या मते आपण जॉन आहोत.

पंक्चर काढणे हे वाचनच आहे, असे म्हणण्याचा मोह आवरून आम्ही केवळ कृती सांगतो. टायरची एक कड रिमबाहेर काढायची, ट्यूब ओढून घ्यायची, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवायची. बुडबुडे येतील तिथे खूण करायची. इथवर कुणालाही जमते. पुढचा प्रश्न असा की भोक कुठे आहे? ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला एकच बारीक भोक असेल तर काटा, खिळा किंवा काच. आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर एखाद्या स्पोकचे टोक रिमच्या पट्टीतून वर आलेले आहे; रस्त्याला दोष देऊ नये. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना खड्ड्यात चाक आदळून ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चिमटली आहे. पावसाळ्यात घोडबंदर किंवा कल्याण-शीळ रस्त्याने जाणाऱ्यास ही जोडचीर ओळखीची होते. त्यानंतर पॉलिश पेपरने घासून सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि ते सुकेपर्यंत थांबायचे. शिकलेली माणसे नेमकी इथेच उतावळी होतात. ओल्यावर पॅच चिकटवतात आणि मग सोल्यूशनला नावे ठेवतात. सर्वांत शेवटी, टायरच्या आतून बोट हळूच फिरवायचे. काटा ट्यूबमध्ये नसतो, टायरमध्ये असतो. तो न काढता ट्यूब परत घातली तर चार पावलांवर तेच भोक पुन्हा पडते.

वस्तू नकार देते, हे इथे महत्त्वाचे. आपल्या व्यवसायात नकार देणारे कुणी उरलेले नाही. कवितेचा कोणताही अर्थ लावा, कविता तक्रार करीत नाही. निबंधाला सरासरी गुण द्या, निबंध गप्प बसतो. डावे पेडल मात्र उलट्या आट्यांचे असते. ते उजव्यासारखे सोडवू पाहणाऱ्याकडे पदवी कोणती आहे हे ते विचारत नाही, अधिकच घट्ट होते.

आता भाषेकडे येऊ. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला आणि आपण सर्वांनी आनंद मानला, आम्हीही मानला. परंतु कोन, वाटी, छर्रे, कॉटर पिन, फ्रीव्हीलमधले कुत्रे ही मराठी कुठे राहते? स्टेशनबाहेरच्या पदपथावर, पत्र्याच्या पेटीपाशी. कुत्रे म्हणजे फ्रीव्हीलमध्ये दात धरून ठेवणारे ते छोटे तुकडे. ते घसरले की पेडल मोकळे फिरते आणि सायकल जागची हलत नाही. जो धरून ठेवतो त्याला कुत्रा म्हणणारी दृष्टी परिभाषाकोशाच्या समितीला सुचली नसती. ही भाषा हिंदीमिश्रित आहे, इंग्रजीची मोडतोड आहे, हे मान्य. जिवंत मराठी अशीच असते, असे आपण वर्गात सांगतो. ऐकायला मात्र उतरत नाही, कारण ऐकण्यासाठी उकिडवे बसावे लागते.

यावर पहिला आक्षेप नेहमीचाच: आपणच पंक्चर काढू लागलो तर त्या गरीब माणसाच्या पोटाचे काय? हा कळवळा आम्हांस संशयास्पद वाटतो. दहा-वीस रुपयांसाठी त्याच्याशी हुज्जत घालतात ती हीच मंडळी. ज्याने एकदा तरी हब उघडून छर्रे मोजून परत बसवले, कोन जरा घट्ट झाला की चाक करकरते आणि जरा सैल राहिला की डुगडुगते हे ज्याच्या बोटांना कळले, तो हुज्जत घालीत नाही. शिवाय हौशी माणूस सगळेच करू शकत नाही. फ्रेम तडकली की वेल्डिंगसाठी त्याला जावेच लागते. जाईल तेव्हा तो जाणते गिऱ्हाईक म्हणून जाईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुरुस्ती कोणी करायची आणि पोथी कोणी वाचायची हे या मुलखात जन्माने ठरत आले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशील आहेत ते अजून पुरते शिळे झालेले नाहीत. तेव्हा सुखवस्तू प्राध्यापकाने रविवारी हाताला ग्रीस लावून घेणे हे सोंग नव्हे काय? सोंग होऊ शकते, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याला सोमवारी हात धुऊन वर्गात जाता येते त्याचे काळे हात आणि ज्याला येत नाही त्याचे काळे हात एक नव्हेत. म्हणूनच 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द आम्ही या लेखात मुद्दाम टाळत आलो. आमची मागणी प्रतिष्ठेची नाही, माहितीची आहे. श्रमाविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात घाम पुष्कळ असतो आणि काम फार थोडे. पात्र दिवसभर राबते. काय करते, कोणत्या हत्याराने, कोणत्या क्रमाने, हे लेखकालाच ठाऊक नसते आणि समीक्षक ते विचारीत नाही.

नव्या सायकली उघडता येत नाहीत, हा तिसरा आक्षेप आम्ही थोडक्यात निकालात काढतो. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022मध्ये समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी हे विषय होते. साध्या सायकलीसाठी हा हक्क मागावाच लागत नाही. 28 इंची काळ्या सायकलीला एका कंपनीचे भाग दुसरीचे चालतात. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला; त्याच्या सायकली आजही दुरुस्त होतात. गिअरच्या सायकलीची साखळीदेखील एका साध्या फूटपट्टीने तपासता येते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरले तर 24 कड्यांनंतरची पिन बरोबर 12 इंचांवर यावी. एक सोळांश इंच पुढे गेली तर साखळी बदलावी. एक अष्टमांश गेली असेल तर उशीर झाला, तिने मागचे दातेही खाल्ले. हक्क आहे, हत्यार आहे, वापर नाही.

म्हणून ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील मराठी विभागांना आमची एक सूचना. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास 'माझा आवडता लेखक' न देता चाकाचा आउट कसा काढावा यावर दोन पाने लिहायला सांगावे. सायकल उलटी ठेवून चाक फिरवायचे. रिम ब्रेकच्या शूला डावीकडे घासत असेल तर तिथले उजव्या बाजूचे स्पोक पाव आटा आवळायचे, डावीकडचे तेवढेच सैल करायचे, पुन्हा फिरवून पाहायचे. हे मराठीत असे लिहायचे की वाचून दुसऱ्या विद्यार्थ्याला, न विचारता, चाक सरळ करता यावे. गुण त्या दुसऱ्याचे चाक पाहून द्यावेत. लागणारे हत्यार म्हणजे स्पोक आवळायची चावी. ती सायकलीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळते आणि एका विभागाला एक पुरते.